लिनक्सचा भांडारपाल

नवी मुंबईत खारघर स्थानकाजवळ 'सी-डॅक' या सरकारी संस्थेचे केंद्र आहे. याच संस्थेच्या चेन्नई केंद्रात घडलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली २००७ साली आली. 'डेबियन' हा तिचा पाया.

समजा, डेबियनवर तुम्हांला आकाशदर्शनाचा 'स्टेलेरियम' हा प्रोग्रॅम हवा आहे. तो इंटरनेटवर शोधत हिंडू नका. टर्मिनल उघडा. 'सुडो ॲप्ट अपडेट' या आज्ञेने भांडाराची यादी ताजी करा. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्टेलेरियम' अशी आज्ञा द्या. दोन्ही आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या. परवलीचा शब्द टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, गोंधळू नका.

आता काय घडते? प्रोग्रॅमला चित्रे, ध्वनी यांसाठी इतर तयार भाग लागतात. 'ॲप्ट' हा भांडारपाल त्यांपैकी नसतील तेवढेच आणतो. यादीवरची अंकीय स्वाक्षरी तो तपासतो. प्रत्येक फाइलचा गणिताने काढलेला ठसाही यादीशी ताडून पाहतो. एक अक्षर बदललेले असले, तरी ठसा जुळत नाही आणि माल नाकारला जातो.

मात्र 'सुडो' म्हणजे साऱ्या किल्ल्या हाती देणे! अनोळखी ठिकाणाहून उचललेली आज्ञा भांडारपालाला न विचारताच आत शिरू शकते. म्हणून परवलीचा शब्द देण्यापूर्वी आज्ञा पुन्हा एकदा वाचा.