इन्फान्ते दोन लुईस : पदत्यागी राजपुत्र आणि त्याचा कलाश्रय

स्पेनचा राजा पाचवा फेलिपे आणि राणी इसाबेल फार्नेसे यांचा कनिष्ठ पुत्र इन्फान्ते (म्हणजे राजपुत्र) ‘दोन’ (म्हणजे श्रीमान) लुईस (१७२७–१७८५) याचे चरित्र, अठराव्या शतकातील अन्य राजपुत्रांच्या मानाने, मला विशेष मननीय वाटते. ज्या वयात मूल खेळण्यांत रमते त्या आठव्या वर्षी, १७३५ साली, त्याला कार्डिनलपद व तोलेदोच्या धर्मपीठाचे उत्पन्न बहाल झाले. परंतु धर्मजीवनाकडे मनाचा कल नसल्यामुळे १७५४ मध्ये त्याने त्या ऐश्वर्याचा त्याग केला.

पुढे १७७६ साली ज्येष्ठ बंधू राजा तिसरा कार्लोस याने विषम कुळांतील विवाहांना आळा घालणारा हुकूम जारी केला आणि त्याच वर्षी लुईसने आपल्याहून कनिष्ठ कुळातील मारिया तेरेसा दे वायाब्रिगा हिच्याशी विवाह केला. परिणामी पत्नीला दरबारात मज्जाव झाला आणि मुलांना बोर्बोन हे कुलनामही नाकारण्यात आले.

तथापि ग्रेदोस पर्वताच्या पायथ्याशी आरेनास दे सान पेद्रो येथे त्याने जो संसार थाटला, तो कलेच्या दृष्टीने राजधानीला लाजवील असा होता. १७७० पासून त्याच्या तैनातीत असलेल्या संगीतकार बोकेरीनीने दोन चेलो असलेल्या अनेक पंचवाद्यरचना याच आश्रयात रचल्या. आणि तेव्हा पुरता नावारूपाला न आलेल्या चित्रकार गोयाने १७८४ मध्ये या कुटुंबाचे भव्य समूहचित्र रंगविले, ज्यात पत्ते मांडून बसलेला लुईस, केशरचना करून घेणारी त्याची पत्नी आणि कुंचला घेतलेला स्वतः चित्रकारही दिसतो. राज्य न करताही मनुष्य आपल्या युगावर केवढे ऋण ठेवू शकतो, याचे हे उदाहरण कलाप्रेमींनी अवश्य अभ्यासावे.