नवख्या गळ्यांची कंपनी

उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी गायले आणि त्यांच्या गायकीतून जयपूर घराणे घडले. पण १९४६ साली ते गेले तेव्हा त्यांच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात आलेली नव्हती. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर मात्र आजही ऐकता येतात. कुणाचा आवाज मागे उरणार हे केवळ गुणवत्तेवर ठरत नाही. ध्वनिमुद्रणाची संधी कुणाला मिळाली, यावरही ठरते. म्हणूनच मुंबईच्या ‘यंग इंडिया’ या तबकड्यांच्या शिक्क्याची कहाणी संगीताच्या इतिहासात मोलाची आहे. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात या नावाखाली दहा हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे काढली. शिक्क्याला गांधीजींच्या साप्ताहिकाचेच नाव होते, आणि हा योगायोग असावा असे मला वाटत नाही. कलकत्त्यात १९०८ पासून कारखाना चालवणाऱ्या बलाढ्य ग्रामोफोन कंपनीपुढे या लहान कंपनीने नवखे, हौशी आणि अगदी कोवळ्या वयाचे गायक उभे केले. रागदारी आणि चित्रपटगीतांबरोबर तिने शैक्षणिक तबकड्याही काढल्या. तबकडीने वर्गात शिकवावे, ही त्या काळी धाडसाचीच कल्पना होती.

यावर कुणी म्हणेल, नामवंत मोठ्या कंपन्यांकडे होते म्हणून नवख्यांना घेतले. यात प्रयोग कसला, ही तर व्यापाराची अडचण. अडचण असेलही. पण तीन-सव्वातीन मिनिटांत गाणे बसवताना कसलेल्या गवयाचीही कसोटी लागे. अशा वेळी अनोळखी गळ्यावर तबकडीची लाख आणि पैसा खर्च करणे हा धोका होता, आणि तो वीस वर्षे पत्करला गेला. यातले बरेच गाणे सामान्य होते, हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. तरीही थोरांच्या तबकड्यांवरून शिखर कळते. त्या काळी घरोघरी कसे गायले जाई, चाली कशा उचलल्या जात, हे हौशी गळेच सांगतात. मर्यादा वेगळीच होती. कंपनीला मुंबईबाहेर शाखा नव्हती, स्टुडिओही नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरच्या एखाद्या भजनकऱ्याला तबकडी करायची तर मुंबई गाठावी लागली असती. बड्यांची मक्तेदारी मोडणारा शिक्काही ध्वनिमुद्रणापुरती शहराची वेस ओलांडू शकला नाही, हे मान्यच करायला हवे.

कंपनी बंद पडल्यावर तिच्या तबकड्यांतले फारच थोडे पुढे कॅसेट वा सीडीवर आले. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या संस्थेने ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून यांतल्या काही तबकड्यांचे डिजिटल जतन केले, ते मुख्यतः खासगी संग्रहांच्या आधारे. मलकापूरजवळच्या शाहूवाडीतल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावरही अशी एखादी तबकडी असू शकते. ती भंगारात देण्याआधी शिक्का, गायकाचे नाव आणि क्रमांक टिपून घ्यावा. तबकडी तडकलेली असली तरी त्या क्रमांकावरून कंपनीच्या यादीतली एक रिकामी जागा भरता येते.