औषधाच्या पत्रकावर डॉक्टरांनी विश्वास का ठेवावा?

दुपारी एक-दीडच्या सुमारास कोणत्याही दवाखान्यात जा. बाकावर रोगी बसलेले असतात, आणि दाराजवळ, कोणाची जागा अडणार नाही अशा बेताने, जड बॅगा घेतलेले दोन-तीन तरुण उभे असतात. रोगी त्यांच्याकडे जरा रागानेच पाहतात. आपल्या आधी हे आत शिरणार की काय! हे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. आत त्यांना दोन मिनिटे मिळतात, कधी तेवढीही मिळत नाहीत. तेवढ्यात चित्रांची घडी उलगडायची, गुण सांगायचे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपल्या औषधाचे नाव उतरेल अशी तजवीज करायची.

या तरुणांच्या संघटनेचे काम आम्ही करतो. औषधशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. प्रतिनिधींच्या बॅगांतली पत्रके वाचता वाचता प्रश्न पडू लागले आणि त्या प्रश्नांमागे ग्रंथालयात जाण्याची सवय लागली, एवढेच आमचे शिक्षण. तेव्हा श्रोत्यांत डॉक्टर मंडळी असतील त्यांनी आमचे चुकले तर कान धरावा.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वीस वर्षांपूर्वी परीक्षा पास झालेल्या डॉक्टरला त्यानंतर निघालेल्या औषधांची माहिती कोणीतरी द्यायला हवी. तालुक्याच्या गावी दिवसाला शंभर रोगी तपासणारा माणूस रात्री वैद्यकीय मासिके घेऊन बसेल, ही अपेक्षा खुर्चीत बसून करायला ठीक आहे. म्हणून 'या प्रतिनिधींना दारातच उभे करू नका' असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसत नाही. माहिती येते ती विकणाऱ्याकडून, ही खरी अडचण आहे. विकणाऱ्याच्या शिकवण्यावर विश्वास कितपत ठेवायचा?

एक उदाहरण घेऊ. स्कॉटलंडमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेल्या सुमारे साडेसहा हजार पुरुषांवर प्राव्हास्टॅटिन या औषधाचा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. सुमारे पाच वर्षांत, औषधाऐवजी नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी हजारी ७९ जणांना हृदयविकाराचा झटका आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण हजारी ५५ होते. आता हे दोन तऱ्हांनी सांगता येते. ७९ मधून २४ कमी झाले, म्हणजे 'धोका तीस टक्क्यांहून अधिक घटला!' हेही खरे. आणि हजार माणसांनी पाच वर्षे रोज गोळी घेतली तेव्हा २४ जण वाचले, उरलेल्या ९७६ जणांना या बाबतीत फरक पडला नाही, हेही तितकेच खरे. औषध चांगलेच आहे, आमचा त्यावर आक्षेप नाही. पण अशा औषधाच्या पत्रकावर पहिला आकडा ठळक टाइपात येतो आणि दुसरा कुठेच येत नाही, तेव्हा त्याला शिक्षण म्हणावे की जाहिरात? रोग्याला औषध परवडेल का, आणि परवडले तरी घ्यावे का, हे ठरवताना डॉक्टरला दुसराच आकडा उपयोगी पडतो.

खोटे न बोलताही दिशाभूल होते, असा याचा अर्थ. यापुढची पायरी अधिक वाईट आहे. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीवरचे औषध 'व्हायॉक्स' या नावाने विकले जात होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, नेप्रोक्सेन हे जुने औषध घेणाऱ्यांपेक्षा हे घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके कितीतरी पट अधिक दिसले. २००५ साली अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातील एका समितीच्या सदस्यांनी मर्क कंपनीची कागदपत्रे उघड केली. त्यांत काय निघाले? या प्रयोगाचा विषय आपण होऊन काढू नये, अशी सूचना प्रतिनिधींना गेली होती. डॉक्टरांनी हृदयाबद्दल विचारलेच तर दाखवायला एक खास कार्ड दिले होते, आणि त्यात त्या प्रयोगाचे आकडे नव्हते. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते औषध जगभरातून मागे घेतले आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या सरकारने त्यावर बंदी घातली.

ते कार्ड हाती घेऊन दवाखान्यात गेले कोण? पगारी माणसे. कार्डात काय नाही हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? डॉक्टरांना मात्र तोंड आठवते ते त्या माणसाचे. कंपनीच्या संचालकांचे नव्हे. विश्वास गेला की तो प्रतिनिधीवरून जातो. म्हणूनच हा प्रश्न आम्हांला पगारवाढीइतकाच जवळचा वाटतो.

तर मग प्रामाणिक शिक्षणाने डॉक्टरांचे मन वळते का? वळते, असे दाखवणारा एक सुंदर प्रयोग आहे. हार्वर्डमधले डॉ. जेरी एव्हॉर्न आणि त्यांचे सहकारी स्टीफन सूमराय यांनी अमेरिकेच्या चार राज्यांतील चारशेहून अधिक डॉक्टर निवडले. उपयोगापेक्षा अधिक लिहिली जाणारी काही औषधे कमी लिहिली जावीत, हा हेतू. काही डॉक्टरांना नुसती छापील पत्रके टपालाने धाडली. काहींना पत्रके धाडली आणि शिवाय औषधशास्त्र शिकलेला माणूस त्यांच्या भेटीला पाठवला. पद्धत कंपनीच्या प्रतिनिधीचीच: समोर बसून थोडक्यात बोलायचे, चित्र दाखवायचे. फरक इतकाच की त्याला काही विकायचे नव्हते. १९८३ साली निष्कर्ष छापून आला. नुसत्या पत्रकांनी काही फरक पडला नाही. प्रत्यक्ष भेटींनी ती औषधे लिहिण्याचे प्रमाण इतर डॉक्टरांच्या मानाने १४ टक्क्यांनी घटले.

हे वाचले तेव्हा आम्हांला फार आनंद झाला, आणि थोडा मत्सरही वाटला. कारण जे बळ त्या भेटींत होते, तेच आमच्या मुलांच्या दोन मिनिटांत आहे. कागद निर्जीव असतो. 'याने पोटात जळजळ होते का हो?' असे डॉक्टर त्याला विचारू शकत नाहीत. माणसाला विचारू शकतात. मग त्या माणसाला खरे उत्तर देण्याची मोकळीक आहे का, यावर सारे येऊन ठेपते.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या प्रचारासाठी नवी आचारसंहिता काढली. तिच्यात चांगल्या गोष्टी आहेत. आधार दिल्यावाचून औषधाला 'सुरक्षित' म्हणायचे नाही. देशात एक वर्षाहून अधिक काळ मिळणाऱ्या औषधाला 'नवे' म्हणायचे नाही. डॉक्टरांना भेटवस्तू द्यायच्या नाहीत. शिक्षणासाठी म्हणून जी वस्तू द्यायची ती हजार रुपयांपेक्षा महाग नको. भेट मिळावी म्हणून कसलेही आमिष नको. पण तक्रार आली तर ती ऐकणार कंपन्यांच्याच संघटनेची नीतिसमिती! त्यावर सरकारी सचिवांकडे अपील आहे, हे खरे. तरी आधी सासूकडेच सासूची तक्रार न्यायची, असा हा मामला आहे.

आणि संहितेने जिथे हात घातला नाही ती जागा म्हणजे विक्रीचे टार्गेट. महिनाअखेरीला आकडा गाठला नाही तर बदली, खुलासापत्र, भत्ता बंद. अशा माणसाने डॉक्टरांना सांगावे की 'साहेब, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला हे देऊ नका, आणि साध्या दुखण्याला जुनी स्वस्त गोळीही चालते'? त्याने तसे सांगितले तर डॉक्टर त्याच्या पुढच्या दहा गोष्टींवर विश्वास ठेवतील. आपल्या तोट्याचे जो सांगतो त्याचेच माणूस ऐकतो. पण त्याची महिन्याची भाकरी त्या न विकलेल्या गोळ्यांत अडकलेली असते. आमच्या मागण्यांच्या कागदावर 'विक्रीच्या आकड्यावरून शिक्षा नको' हे कलम असते ते यासाठी. व्यवस्थापनाला ते आळशांचे कलम वाटते. आम्ही त्याला रोग्याचे कलम म्हणतो.

तोवर एक लहान काम करता येण्यासारखे आहे, आणि ते आम्ही सभासदांना सांगतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१० सालापासून चालू आहे. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. संशयास्पद त्रास दिसला तर डॉक्टरांनी भरायचा साधा छापील फॉर्म असतो. औषधामुळेच झाले हे सिद्ध करावे लागत नाही, नुसता संशय पुरे. रोग्यालाही स्वतः कळवता येते. हा फॉर्म बॅगेत ठेवा, आपल्याच कंपनीच्या औषधाची माहिती सांगून झाली की तो टेबलावर ठेवा, आणि म्हणा, 'काही वेगळे दिसले तर यावर लिहा.'