आजीच्या बरणीची नातवंडं

रत्नागिरीच्या आमच्या घरातला सगळ्यात सीनियर मेंबर कोण? तर लोणच्याची बरणी! वर तपकिरी, खाली पांढरट. ती इतकी पक्की भाजलेली असते, की मीठ आणि आंबटपणा तिचं काही बिघडवू शकत नाहीत. हल्ली आपली पिढी ज्या हॅन्डमेड मग आणि बोलवर फिदा आहे, ती या बरणीचीच नातवंडं. फरक एवढाच, की बरणी कारखान्यातून यायची. मगच्या बुडाशी मात्र घडवणाऱ्याची सही असते. हीच स्टुडिओ पॉटरी.

किंमत ऐकली की पहिला प्रश्न ठरलेला : 'एका मगला एवढे?' आता हिशेब बघा. चाकावर घडवलेलं भांडं वाळताना आणि भाजताना साधारण १०-१२ टक्के आकसतं. पहिली भाजणी सुमारे १००० अंश सेल्सियसला, मग ग्लेझचा लेप, आणि पुन्हा १२०० ते १३०० अंशांची भट्टी. मध्येच तडा गेला, की मेहनत पाण्यात! रंगाचंही तसंच. आपल्या जांभ्याला लाल करणारं लोह ग्लेझमध्ये १-२ टक्के घालून भट्टीतला ऑक्सिजन कमी ठेवला, तर हिरवट सेलाडॉन मिळतो. तेच ८-१० टक्के झालं, की काळपट तपकिरी टेनमोकू.

महाराष्ट्रात या कलेतलं मोठं नाव म्हणजे भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित. जन्म बिहारमधल्या कुंभार घराण्यातला, कर्मभूमी मुंबईजवळची. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंपरागत चाकावरून थेट आर्ट गॅलरीत पोचलेला हा प्रवास आहे. म्हणूनच त्यांचं काम जमवणाऱ्यांना खुणावतं.

तुम्हालाही सुरुवात करायचीय? माझा फंडा सोपा आहे. दहा जणांची दहा भांडी घेण्यापेक्षा एकाच कलाकाराचं काम वर्षानुवर्षं फॉलो करा. त्याचा हात कसा बदलत गेला, हे तुमच्याच शेल्फवर दिसेल. भांडं आधी उलटं करा : सही किंवा शिक्का आहे का, बूड गुळगुळीत आहे का? बोटाने हलकेच टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा. ग्लेझ खाण्यापिण्यासाठी सुरक्षित आहे का, हे बिनधास्त विचारा. बिल जपून ठेवा, त्यावर कलाकाराचं नाव आणि वर्ष लिहा.

माझ्याकडे आता सहा नग जमलेत. 'रोज वापरतेस? फुटलं तर?' हा आईचा लाडका प्रश्न. फुटेल ना, कधीतरी! पण मगचा कान बोटांत नीट बसतो का, कडा ओठांना कशी लागते, हे काचेआडून कसं कळणार? कुंभाराने ते आपल्या हातासाठीच तर घडवलंय. त्यामुळे शोकेसला कुलूप घालू नका, बॉस. उद्याचा चहा त्यातच ओता.