वॉटफर्डमधली निवांत जन्माष्टमी

लंडनकरांनो, यंदा जन्माष्टमीला वॉटफर्ड गाठा! युस्टनहून जलद गाडीने वीसेक मिनिटांत वॉटफर्ड जंक्शन.

🌳 सकाळी कॅसिओबरी पार्क. ग्रँड युनियन कालव्यावर लॉकच्या दारांचे जाडजूड लाकडी दांडे पाठीने रेटून नावा वरखाली नेतात. बघत उभं राहा.

🛕 दुपारी जवळच्या लेचमोर हीथ गावातलं भक्तिवेदांत मॅनर हे कृष्णमंदिर. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये इस्कॉनला दिलेली वास्तू. गावातल्या रहदारीपायी इथले सार्वजनिक उत्सव बंद पडायची वेळ आली होती. भाविकांनी चिकाटीने लढा दिला, १९९६ मध्ये परवानगी मिळाली आणि गाव टाळून मंदिराकडे जाणारा वेगळा रस्ता झाला.

🐄 गोशाळा चुकवू नका. गाईंची धार हाताने काढतात.

दर्शनाला रांग असते. पोरांना खाऊ घ्या, छत्री घ्या, आणि प्रसाद घेतल्याशिवाय निघू नका!