बुडत्या खलाशाला वाचविण्याचा खर्च कोणाचा?

कोकण किनाऱ्यावरील कितीतरी घरांची चूल समुद्रावरच्या कमाईवर पेटते. कोणी मालवाहू जहाजावर खलाशी आहे, तर कोणी मच्छीमार बोटीवर तांडेल. या धंद्यात डिझेल, बर्फ आणि जाळी यांचा हिशेब पैशापैशाने ठेवला जातो. खलाशाचा जीव वाचविण्याचा खर्च मात्र अपघात झाल्यावरच आठवतो. आमच्या मते हा खर्च दानधर्माचा नसून धंद्याचाच आहे. इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी मोठी किंमत देऊन कळली.

मार्च 1789 मध्ये टाइन नदीच्या मुखाशी ‘ॲडव्हेंचर’ नावाचे जहाज वाळूत रुतले. किनाऱ्यावर हजारो लोक जमले, पण त्या लाटांत टिकेल अशी होडीच नव्हती. लोकांच्या डोळ्यांदेखत खलाशी बुडाले. त्यानंतर साऊथ शील्ड्सच्या व्यापारी मंडळींनी उत्तम बचाव होडीसाठी बक्षीस जाहीर केले. हेन्री ग्रेटहेड यांनी बांधलेली होडी 1790 मध्ये समुद्रात उतरली. तिला बुचाचे जाड अस्तर असल्याने पाणी शिरले तरी ती तरंगत असे. 1802 मध्ये लंडनच्या लॉइड्समधील विमा व्यावसायिकांनी अशा होड्यांसाठी 2000 पौंड मंजूर केले.

पण होडी जाऊ शकत नसेल तर काय? 1807 मध्ये ग्रेट यार्मथजवळ ‘स्नाइप’ हे जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर फुटले व साठाहून अधिक लोक दगावले. तेथील लष्करी बराकींचे अधिकारी जॉर्ज मॅनबी यांनी छोट्या तोफेतून दोरीसह गोळा जहाजावर फेकण्याची युक्ती काढली. बाराच्या आगीने दोरी जळून जाई, म्हणून गोळा व दोरी यांच्यामध्ये कच्च्या चामड्याची वेणी घातली. फेब्रुवारी 1808 मध्ये या दोरीच्या आधारे ‘एलिझाबेथ’ जहाजावरील सात जण वाचले. पुढे 1824 मध्ये विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय बचाव संस्था उभी राहिली. ती आजही मुख्यतः देणग्यांवर चालते आणि तिने आजवर 1,40,000 हून अधिक जीव वाचविले आहेत.

आता आपल्याकडे पाहू. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेहून अधिक प्रवासी गेले आणि मुंबईला खबर पोहोचली ती कित्येक तासांनी. मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-305’ हा तराफा बुडाला. त्यावर 261 जण होते. नौदलाने बहुतेकांना वाचविले, तरी अनेक घरांचे कमावते हात गेले.

आज तटरक्षक दल आहे, 1554 हा मदत क्रमांक आहे आणि वादळाचा इशारा आधी मिळतो. तरीही मदत येईपर्यंतचे तास खलाशाला स्वतःच काढावे लागतात. म्हणून बोटमालक बंधूंना आमचे सांगणे आहे: प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट घ्या आणि ते केबिनमध्ये गाठोडे बांधून न ठेवता अंगावर घालायला लावा. बिनतारी संच व त्याची बॅटरी निघण्यापूर्वी तपासा. बोटीवर कोण कोण आहे, याची यादी किनाऱ्यावर ठेवा. इशारा मिळाल्यावर एक फेरी बुडाली तर नुकसान पुढच्या हंगामात भरून निघेल. गेलेला माणूस परत येणार नाही.