दुर्गदबैल: हुबळी-धारवाडचे मातीचे किल्ले

हुबळीचा नवा किल्ला आज एका बाजारपेठेच्या नावात उरला आहे. कन्नडमध्ये दुर्ग म्हणजे किल्ला आणि बैलू म्हणजे मोकळे पटांगण. दुर्गदबैलमध्ये आता संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी असते.

मूळ गाव जुन्या हुबळीचे. त्याला रायर हुबळी असेही म्हणत. भवानीशंकराचे प्राचीन देऊळ याच भागात आहे. विजयनगरच्या काळात कापूस, सोरा आणि लोखंड यांच्या व्यापाराने हे गाव भरभराटीला आले. पुढे इंग्रजांनी इथे वखार घातली. 1673 मध्ये मराठी फौजेने ती लुटली. नंतर हुबळी सावनूरच्या नवाबाकडे गेली. त्याच अमलात मजीदपूर ही नवी वस्ती उठली आणि बसप्पा शेट्टर या व्यापाऱ्याने किल्ल्याभोवती नवी हुबळी वसवली. मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर जुने गाव पेशव्यांतर्फे फडक्यांकडे आणि नवे सांगलीकर पटवर्धनांकडे, अशी एकाच गावात दोन घरांची सत्ता नांदली.

हुबळी-धारवाडचे किल्ले डोंगरी गड नव्हेत; ते भुईकोट. धारवाडचा किल्ला मातीच्या तटाचा आणि दुहेरी खंदकाचा होता. मातीचा म्हणून तो कच्चा समजणे चूक ठरेल. टिपू सुलतानाचा किल्लेदार बद्रुज्जमान खान याने तो सप्टेंबर 1790 पासून सुमारे सात महिने लढवला. वेढा परशुरामभाऊ पटवर्धनांचा होता आणि मदतीला कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी होती. त्या तुकडीतल्या एडवर्ड मूरने मराठी तोफखान्याची रीत लिहून ठेवली आहे: तोफ भरली की गोलंदाज अर्धा तास गप्पा मारीत आणि चिलीम ओढीत बसायचे, मग बार उडवायचा आणि पुन्हा गप्पा. रात्री तोफा छावणीत परत न्यायच्या. तेवढ्यात आतले लोक तटाला पडलेली भगदाडे बुजवून घ्यायचे. वेढा का लांबला, हे यातून कळते. दारूगोळ्याची टंचाईही होतीच. अखेर एप्रिल 1791 मध्ये किल्ला पडला.

जुनी हुबळी 1817 मध्ये इंग्रजांनी पेशव्यांकडून घेतली. नवी हुबळी 47 गावांसह सांगलीकरांनी 1820 मध्ये तैनाती फौजेच्या खर्चापोटी दिली. 1858 मध्ये शेजारच्या नरगुंदचे बाबासाहेब भावे यांनी उठाव केला आणि त्यांना बेळगावला फाशी झाली. त्यानंतरच्या काळात धारवाडच्या किल्ल्याची निगा राहिली नाही. तट ढासळला, दरवाजा मात्र उभा राहिला.